पत्र आत्ता कुठे आहे?

‘आमचं पत्र गेलं का?’ हा प्रश्न मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला रोज कुणी ना कुणी विचारतोच. विचारणारा लेखा विभागातला असतो, खरेदी विभागातला असतो, कधी थेट मालकच असतो. उत्तर देणारा लगेच लॉग उघडतो आणि हजारो ओळींत एक पत्ता शोधू लागतो. लॉग वाचू नये असे मी म्हणणार नाही. पण त्याआधी एक सोपी गोष्ट करता येते: पत्र डिस्कवर कोणत्या डिरेक्टरीत पडले आहे ते पाहायचे. नीट बांधलेल्या मेल सर्व्हरमध्ये पत्राची अवस्था वेगळ्या वहीत टिपलेली नसते. ते जिथे पडले आहे त्या डिरेक्टरीचे नाव हीच त्याची अवस्था. तिथून ते दुसरीकडे सरकले की अवस्था बदलली, नाही सरकले तर नाही बदलली. अधलेमधले काही नाही.

ही पुस्तिका त्या नावांविषयी आहे. विषय किरकोळ वाटण्याची शक्यता मला मान्य आहे. डिरेक्टरीला काय, काहीही नाव द्यावे, यंत्राला कुठे त्याचा अर्थ कळतो? यंत्राला कळत नाही हे खरेच. मात्र रात्री अडीच वाजता रांग तुंबते तेव्हा ते नाव माणूस वाचतो, आणि त्यावरून काय पुसायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे ठरवतो. शिवाय मेलच्या बाबतीत नाव केवळ पाटीचे काम करत नाही. एका डिरेक्टरीतून दुसरीत नाव बदलण्याची क्रिया म्हणजेच पत्राची पोच, अशी रचना काही प्रणालींत मुद्दाम केलेली आहे. ते एकदा समजले की निम्मे लॉग वाचायची गरज उरत नाही.

पुस्तिका नवी मुंबईत लिहिली गेली यामागे कारण आहे. ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी नोसिलसारख्या रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज त्याच पट्ट्यात महापे, रबाळे, ऐरोली इथे बिनखिडक्यांच्या, सतत घोंघावणाऱ्या डेटा सेंटरच्या इमारती आहेत. कोपरखैरण्याला रिलायन्सचे धीरुभाई अंबानी नॉलेज सिटी आहे, पनवेलजवळ २०२० साली योट्टाचे मोठे केंद्र सुरू झाले. या इमारतींत रात्रपाळी करणारी बरीच मुले-मुली मराठी शाळांतून आलेली असतात. त्यांना आज्ञा पाठ असतात. पण ‘डिफर’ आणि ‘डिफर्ड’ अशा दोन डिरेक्टऱ्या शेजारीशेजारी का आहेत, हे त्यांना कुणी मराठीत बसून सांगितलेले नसते.

या भागाचे ईमेलशी नाते डेटा सेंटरांच्याही आधीचे आहे. खारघर स्टेशनासमोर सी-डॅकचे जे आवार आहे ते मूळचे एनसीएसटीचे, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचे. ही संस्था १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एका केंद्रातून वेगळी झाली. मुख्य ठाणे जुहूला, संचालक श्रीनिवासन रमणी. ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे १९८६ साली सुरू झाले तेव्हा एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग त्यात होते. सुरुवातीचे टपाल जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या फोनवरून, डायल करून जात असे. एनसीएसटीतल्या यंत्रांना शक्ती, साथी, कोणार्क अशी नावे होती आणि ती थेट ईमेलच्या पत्त्यात येत. रमणींचे नाव २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदले गेले. त्यांच्या कामाचा हा कोपरा मात्र फारसा कुणी सांगत नाही: आपल्याकडची पहिली यंत्रे आपली नावे घेऊन जगाच्या टपालात उतरली.

फोनवरून टपाल नेणाऱ्या त्या व्यवस्थेचे नाव यूयूसीपी. तिची १९८३ सालची एक आवृत्ती ‘हनी-डॅन-बर’ म्हणून ओळखली जाते, कारण लिहिणारे तिघे होते हनीमन, नोविट्झ आणि रेडमन. तिच्यात डिरेक्टऱ्यांची नावे कशावरून ठेवत? शेजाऱ्यावरून. ज्या यंत्राला पत्र द्यायचे त्या यंत्राच्या नावाची डिरेक्टरी, आणि तिच्यात त्याच्यासाठी साठलेले सगळे. फोन लागला की ती रिकामी करायची. फोन दिवसातून थोडाच वेळ लागणार, तेव्हा ‘कुणाकडे जायचे आहे’ हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता आणि नाव त्याच प्रश्नाचे उत्तर देत होते. पत्राचे वय, त्याची आधीची फेटाळणी, मजकूर खराब आहे का, हे सगळे दुय्यम. नावे वाचताना मी नेहमी हाच प्रश्न विचारतो: ही डिरेक्टरी ज्याने बेतली त्याला नेमकी कशाची काळजी होती?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. मुंबईकरांच्या पहिल्या ईमेल पत्त्यांत ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतर ‘जीआयएएसबीएम-शून्य-एक’ असे काहीतरी येई. गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस, बॉम्बे, यंत्र क्रमांक एक. शक्ती-साथीच्या मानाने हे नाव म्हणजे गोदामावरचा शिक्का. पण गिऱ्हाइके वाढणार, यंत्रे वाढणार, हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्काच मारतो. पुढे डिरेक्टऱ्यांच्या बाबतीतही हाच प्रवास झाला. आधी अर्थ असलेली नावे, मग आकडे.

आता प्रत्यक्ष डिस्ककडे वळू. युनिक्सवर प्रत्येक माणसाचे टपाल एका फाइलीत आणि फाइलीचे नाव म्हणजे त्या माणसाचे लॉगिन, ही सर्वांत जुनी रीत. ती फाइल जिथे असे ती जागा आधी ‘/यूएसआर/स्पूल/मेल’, मग ‘/व्हार/स्पूल/मेल’, आणि आता ‘/व्हार/मेल’. हा बदल हट्टापायी झाला नाही. स्पूलमध्ये जे असते ते कशाची तरी वाट पाहत असते: छापले जाण्याची, पाठवले जाण्याची. काम झाले की पुसून टाकायचे. माणसाची पेटी तशी नसते. पत्र पोचले, वाचले, तरी दहा वर्षे तिथेच राहते. रांग आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली होत्या, त्या वेगळ्या केल्या. ‘फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड’ या दस्तऐवजाने ‘/व्हार/मेल’ हे नाव पक्के केले आणि जुन्या वाटेवर दुवा ठेवायला हरकत घेतली नाही. मजा अशी की डेबियनने खरी डिरेक्टरी ‘/व्हार/मेल’ ठेवली आणि स्पूलमध्ये दुवा दिला, तर रेड हॅटने नेमके उलट केले. डेबियनवर शिकलेला मुलगा रेड हॅटवर बॅकअपची आज्ञा लिहितो, दुव्याचा बॅकअप घेतो आणि पेट्या तशाच राहतात. त्यामुळे बॅकअप लिहिण्याआधी दुवा कुठला आणि डिरेक्टरी कुठली ते पाहावे. पुस्तिकेत हे दोनदा लिहिले आहे, तिसऱ्यांदा इथे.

एका माणसाची एक फाइल, या ‘एमबॉक्स’ पद्धतीचे दुखणे नावात नसून कुलपात होते. पत्र आत टाकणारा आणि वाचणारा एकाच वेळी आले तर फाइल फाटते. म्हणून शेजारी ‘डॉट लॉक’ नावाची फाइल उभी करून दुसऱ्याला थांबवायचे. एकाच यंत्रावर हे चालते. पेट्या जाळ्यावरच्या दुसऱ्या डिस्कवर असल्या की कुलूप आहे की नाही यावरच दोन यंत्रांचे एकमत होत नाही.

यावर डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने जो उपाय काढला, तो मला नावे ठेवण्याच्या कलेतला सर्वांत देखणा नमुना वाटतो. ‘क्यूमेल’ हा त्याचा मेल सर्व्हर, त्याची १.० ही आवृत्ती १९९७ च्या फेब्रुवारीत आली. त्यात ‘मेलडिर’ ही पेटी होती. प्रत्येक पेटीत तीन डिरेक्टऱ्या: ‘टेम्प’, ‘न्यू’, ‘कर’. कर म्हणजे करंट. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, आणि कुलूप कुठेच नाही.

हे चालते कसे? पत्र येते तेव्हा ते आधी ‘टेम्प’मध्ये लिहिले जाते. लिहून पुरे झाले, डिस्कवर पक्के उतरले, की मगच ते ‘न्यू’मध्ये येते. डिस्कवरची मजकुराची जागा हलत नाही, फक्त नाव हलते, आणि नाव हलण्याची क्रिया अविभाज्य असते. एकतर झाली किंवा नाही. वाचणारा प्रोग्राम ‘टेम्प’कडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे अर्धवट लिहिलेले पत्र त्याच्या नजरेला पडण्याची सोयच नाही. वीज गेली तर अर्धे पत्र ‘टेम्प’मध्ये पडून राहते. रांगेला पोच मिळालेली नसल्यामुळे ती ते पत्र पुन्हा टाकते. ‘टेम्प’मध्ये छत्तीस तास कुणी हात न लावलेली फाइल पुसून टाकावी, असा नियम आहे. ती डिरेक्टरी निर्धास्तपणे झाडता येते, कारण तिच्या नावानेच सांगितले आहे की इथल्या कशाचीही जबाबदारी अजून कुणी घेतलेली नाही.

‘न्यू’ आणि ‘कर’मध्ये मात्र नवे लोक हटकून फसतात. ‘न्यू’ म्हणजे न वाचलेले, ‘कर’ म्हणजे वाचलेले, असा समज करून घेतात. तसे नाही. वाचणाऱ्या प्रोग्रामने पेटी उघडून पत्राची दखल घेतली की ते ‘कर’मध्ये जाते, मग माणसाने ते उघडलेले असो वा नसो. वाचले का, उत्तर दिले का, ही माहिती फाइलीच्या नावाच्या शेपटीत असते: अपूर्णविराम, दोनचा आकडा, स्वल्पविराम, आणि पुढे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे पाहिले, ‘आर’ म्हणजे उत्तर दिले, ‘एफ’ म्हणजे खूण केली, ‘टी’ म्हणजे टाकून द्यायचे. नावाच्या पुढच्या भागात पत्र आल्याची वेळ, ज्या प्रोग्रामने लिहिले त्याचा क्रमांक आणि यंत्राचे नाव. दोन यंत्रे एकाच पेटीत लिहीत असली तरी नावे आपटत नाहीत, कारण यंत्राचे नाव वेगळे असते. आता कल्पना करा, एकाच साच्यातून दहा यंत्रे उभी केली आणि सगळ्यांचे नाव ‘लोकलहोस्ट’ राहू दिले, तर? नाव न आपटण्याच्या हमीतला एक पाय गेला. पुढच्या काळात त्या नावात मायक्रोसेकंद, फाइलीचा आयनोड क्रमांक अशी भर पडत गेली ती याचसाठी.

वीत्से वेनेमाचा ‘पोस्टफिक्स’ हा मेल सर्व्हर वेगळ्या वळणाचा. हा १९९८ च्या अखेरीस आयबीएममधून बाहेर आला आणि आज आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत तोच चालतो. त्याचे घर ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’. इथे रास्तपणे स्पूल, कारण इथे राहायला कुणी येत नाही. आतली नावे अवस्थांची आहेत. याच यंत्रावर लिहिलेले पत्र आधी ‘मेलड्रॉप’मध्ये पडते. तपासून झाले की ‘इनकमिंग’. रांग चालवणारा ते उचलतो आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’मध्ये नेतो. पोचले तर पुसले जाते. समोरचा सर्व्हर ‘नंतर या’ म्हणाला तर ‘डिफर्ड’. व्यवस्थापकाने हाताने अडवले तर ‘होल्ड’, तिथे ते कुणी सोडेपर्यंत राहते. वाचताच येत नाही असे निघाले तर ‘करप्ट’.

‘इनकमिंग’मध्ये एक बारीक खुबी आहे. पत्र लिहिले जात असते तेव्हा फाइलीला मालकाचा फक्त वाचण्या-लिहिण्याचा परवाना असतो. लिहून पुरे झाले की चालवण्याचा परवानाही दिला जातो. पत्र कुणी चालवत नाही, हे उघड आहे. तो बिट म्हणजे ‘पत्र पूर्ण झाले’ अशी खूण. बर्नस्टाइनने जे काम डिरेक्टरीच्या नावावर सोपवले ते वेनेमाने फाइलीच्या परवान्यावर सोपवले. ‘डिफर्ड’मधल्या फाइलींच्या तारखाही पाहण्यासारख्या असतात, कारण त्या भविष्यातल्या असतात. पुढचा प्रयत्न कधी करायचा ती वेळ फाइलीची तारीख म्हणून लिहून ठेवलेली असते. हे ठाऊक नसलेला माणूस घड्याळ चुकले म्हणून यंत्राची वेळ दुरुस्त करायला धावतो.

आणि ‘डिफर’? ‘डिफर्ड’मध्ये पत्रे असतात आणि ‘डिफर’मध्ये ती का थांबली याची टिपणे. पोस्टफिक्सबद्दल मला अपार आदर आहे, पण हे नामकरण वाईट आहे, आणि पंचवीस वर्षे वापरात राहिल्याने ते चांगले झालेले नाही. तीन अक्षरांच्या चुकीने टिपणे पुसली तर पत्र का अडले ते सांगता येत नाही, पत्रे पुसली तर सांगायला पत्रच उरत नाही.

‘एक्झिम’ हा मेल सर्व्हर केंब्रिजच्या फिलिप हेझेलने १९९५ साली लिहिला. त्याचा विचार याच्या उलट: जवळजवळ सगळे ‘इनपुट’ नावाच्या एका डिरेक्टरीत, प्रत्येक पत्राच्या दोन फाइली, एक मजकुराची आणि एक पत्त्या-शीर्षकांची. डेबियनवर त्या घराला ‘एक्झिम-चार’ म्हणतात, कारण तिसऱ्या आवृत्तीकडून चौथीकडे जाताना दोन्ही काही काळ शेजारी नांदायच्या होत्या. तिसरी कधीच गेली. चार राहिला.

अर्थपूर्ण नावांची एक मर्यादा आहे. ‘डिफर्ड’मध्ये लाखभर पत्रे साठली की ते नाव खरे असूनही उपयोगाचे राहत नाही, कारण एका डिरेक्टरीत लाखभर फाइली शोधणे जुन्या डिस्कना झेपत नसे. मग पोस्टफिक्स तिच्यात शून्य ते नऊ आणि ‘ए’ ते ‘एफ’ अशा सोळा पोटडिरेक्टऱ्या करतो. या नावांना अर्थ नाही, आणि नसणेच बरे. सिडकोने १९७० नंतर हे शहर आखताना हेच केले. नोडला जुन्या गावांची नावे राहिली, वाशी, नेरूळ, घणसोली, ऐरोली, आणि आत सेक्टरला नुसते आकडे. सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळात आहे, खारघरमध्येही आहे. आधी नोड सांगितला नाही तर रिक्षावाला हलत नाही. आकडा त्या जागेविषयी काही सांगत नाही, तो फक्त मोठा भाग वाटून देतो. पिनकोडचेही तसेच. वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, पण मध्येच बेलापूर ४००६१४ आणि खारघर एकदम ४१०२१०. रहिवाशाला हा क्रम विचित्र वाटतो. तो छाटणी करणाऱ्यासाठी केलेला आहे, रहिवाशासाठी नाही.

पोस्टफिक्सची छाटणी कशावर होते? मूळच्या आखूड पद्धतीत पत्राच्या फाइलीचे नाव दोन तुकड्यांचे असते: पत्र आले त्या क्षणाचे मायक्रोसेकंद आणि फाइलीचा आयनोड क्रमांक, दोन्ही सोळाच्या पायावर लिहिलेले. पहिल्या अक्षरावरून पोटडिरेक्टरी ठरते. सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद, आणि दहा लाख ही संख्या सोळाच्या पायावर ‘एफ-चार-दोन-चार-शून्य’ अशी येते. म्हणजे ‘एफ’ने सुरू होणारे आकडे सुरू होतात न होतात तोच संपतात. म्हणून ‘एफ’च्या डिरेक्टरीत इतरांच्या जवळपास चतुर्थांश पत्रे असतात. काही बिघडले आहे असे समजून लोक तिच्यामागे लागतात. बिघडलेले काही नसते, दशमान आणि षोडशमान पद्धतींचे आपसांत पटत नाही इतकेच. नावात आयनोड असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते: रांगेचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर उतरवला की आयनोड बदलतात आणि सगळी नावे खोटी ठरतात. पोस्टफिक्सला ती दुरुस्त करायला सांगावे लागते. रांग म्हणजे नेहमीच्या फाइली समजून नुसती उतरवून चालत नाही.

इथवरची नावे प्रोग्रामने ठेवलेली. पण मेलबॉक्समधली पोटखाती माणूस ठेवतो, आणि तो मराठी असला तर नावे मराठीत ठेवतो: ‘बिले’, ‘निविदा’, ‘मे. अमुक आणि कंपनी’. ती डिस्कवर कशी उतरतात हे या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण आहे, आणि इतरत्र ते मिळणार नाही अशी माझी समजूत आहे.

आधी टिंबाचे पाहू. ‘मेलडिर-प्लस-प्लस’ या रीतीत पोटखाती एकाच पातळीवर असतात आणि खात्यातले खाते दाखवायला मध्ये टिंब घालतात. त्यामुळे खात्याच्या नावात टिंब चालत नाही. इंग्रजी खात्यांत टिंब क्वचित येते. आपल्याकडे ‘मे.’, ‘क्र.’, ‘डॉ.’, ‘ता.’ शिवाय कार्यालयाचे पान हलत नाही. ‘क्र. ५ निविदा’ असे खाते काढले की काही सर्व्हर नकार देतात आणि काही ‘क्र’ नावाच्या खात्यात दुसरे खाते काढून देतात. वापरणारा म्हणतो, खाते हरवले. ‘सायरस’ या दुसऱ्या मेल सर्व्हरमध्ये हीच अडचण लोकांच्या लॉगिनबाबत आली होती: टिंब असलेल्या लॉगिनची डिरेक्टरी टिंबाच्या जागी छोटे छप्पर घालून काढावी लागली.

मग लिपीचे. आयमॅप या प्रणालीच्या १९९६ च्या व्याख्येत खात्याचे नाव रोमन अक्षरांतच जावे असे ठरले आणि इतर लिपींसाठी युटीएफ-सात नावाच्या पद्धतीत फेरफार करून एक सांकेतिक लिखाण आणले. युटीएफ-आठ तेव्हा जन्मलेले होते. तरी हे झाले. त्यामुळे ‘बिले’ हे खाते बहुतेक सर्व्हरांच्या डिस्कवर तेरा चिन्हांच्या तारेसारखे दिसते: सुरुवातीला ‘&’, शेवटी आडवी रेघ, मध्ये अकरा रोमन अक्षरे. ती वाचून ‘बिले’ कुणालाही कळणार नाही, पण एक खूण सांगतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडात शून्य-नऊने सुरू होते, आणि ते नावाच्या सुरुवातीला असले की त्याचे पहिले सहा बिट या लिखाणात नेहमी ‘सी’ हे कॅपिटल अक्षर देतात. ‘&’नंतर ‘सी’ आणि त्यापुढे ‘क्यू’ ते ‘एक्स’मधले कॅपिटल अक्षर दिसले की नाव देवनागरीने सुरू होते आहे, हे रात्रपाळीतला माणूस चष्मा न लावता ओळखू शकतो. ‘डव्हकॉट’ या सर्व्हरला सांगून डिस्कवर सरळ युटीएफ-आठ ठेवता येते. २०२१ च्या नव्या आयमॅपने तर तेच मान्य केले. पण दहा वर्षांच्या जुन्या पेट्यांची सगळी नावे बदलून घ्यावी लागतात आणि ते काम कुणी हौसेने अंगावर घेत नाही.

युटीएफ-आठ आले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. ‘कऱ्हाड शाखा’ हे खाते घ्या. यातला ‘ऱ’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच. लिनक्सला मात्र फाइलीचे नाव म्हणजे बाइटांची माळ, त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावे. कार्यालयातल्या इनस्क्रिप्ट कळफलकावरून एक खाते निघते, मोबाइलवरून दुसरे, आणि साहेबांना पेटीत दोन कऱ्हाड दिसतात, एकात अर्धी पत्रे, दुसऱ्यात अर्धी. युनिकोडचे प्रमाणीकरण केले तर पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती समान धरलेलीच नाही. वऱ्हाड, बिऱ्हाड, गोऱ्हे, सगळ्यांची हीच कथा. हिंदीच्या गरजेपुरती चाचणी करून जे लोक देवनागरी चालते म्हणतात त्यांच्या हे गावीही नसते, कारण हिंदीला हा ‘ऱ’ लागत नाही.

पत्त्याबाबतही हा प्रश्न आता येऊन ठेपला आहे. २०१२ च्या नियमांनी ‘अ‍ॅट’च्या आधीचा भाग कुठल्याही लिपीत असायला परवानगी दिली, २०१४ साली ‘.भारत’ हे नाव देवनागरीत खुले झाले, २०१५ साली पोस्टफिक्सने अशी पत्रे घ्यायला सुरुवात केली. पेट्यांची रचना बहुतेक ठिकाणी ‘आधी डोमेन, मग माणूस’ अशी डिरेक्टऱ्यांची असते. म्हणजे माणसाची डिरेक्टरीच देवनागरीत निघणार, आणि तिच्या नावात ‘ऱ’ असला तर एका माणसाच्या दोन पेट्या होण्याचा धोका घरच्या दारापाशी आला. माझे मत स्पष्ट आहे: पत्ता हवा तितका मराठी असू दे, डिस्कवरच्या डिरेक्टरीला क्रमांक द्यावा आणि दोघांची जोडी एका तक्त्यात ठेवावी. सायरसने आपल्या अलीकडच्या आवृत्त्यांत असेच केले, पेटीला एक न बदलणारी खूण दिली आणि डिरेक्टऱ्या त्या खुणेवरून काढल्या. यात वाचनीयता जाते, हे मला खुपते. पेटी डोळ्यांनी शोधण्याची सोय संपते आणि प्रत्येक वेळी प्रोग्रामला विचारावे लागते. पण माणसाचे नाव बदलते, लग्नानंतर बदलते, शुद्धलेखन दुरुस्त होते, आणि प्रत्येक वेळी हजारो फाइली हलवणे शहाणपणाचे नाही.

पाठवलेल्या पत्रांच्या खात्याचा गोंधळ याच जातीचा, तो थोडक्यात. एक प्रोग्राम त्याला ‘सेंट’ म्हणतो, दुसरा ‘सेंट आयटम्स’, तिसरा ‘सेंट मेसेजेस’, आणि तीन यंत्रांवरून पेटी उघडणाऱ्याच्या नशिबी तीन खाती येतात. २०११ साली यावर तोडगा निघाला: खात्याला नाव काहीही असो, त्याचे काम सांगणारी खूण वेगळी लावायची. त्यामुळे खात्याचे नाव ‘पाठवलेली’ ठेवले तरी ती खूण समजणारे सगळे प्रोग्राम ते बरोबर ओळखतात, अर्थात व्यवस्थापकाने सर्व्हरवर ती खूण लावली असेल तर. नेमून दिलेले एकच नाव आयमॅपमध्ये आजही आहे, ‘इनबॉक्स’, आणि ते लहान-मोठ्या कुठल्याही रोमन अक्षरांत लिहिले तरी चालते.

पुस्तिका पुढून मागे वाचायची सक्ती नाही. ज्याच्याकडे पोस्टफिक्स आहे त्याने रांगेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पेट्या दुसऱ्या यंत्रावर हलवायच्या असतील त्याने देवनागरी खात्यांचे प्रकरण हलवण्याआधी वाचावे, नंतर नाही. नावे मराठी वाचकाच्या जिभेवर बसावीत म्हणून देवनागरीत छापली आहेत, पण टंकायची ती रोमनमध्येच. प्रत्येक प्रकरणासाठी सरावाचे यंत्र वेगळे घ्यावे, चालू रांगेवर शिकू नये. आणि ‘करप्ट’मध्ये फाइल सापडली तर ती पुसण्याआधी डिस्क तपासावी. पोस्टफिक्सने ती तिथे मुद्दाम बाजूला ठेवलेली असते, आणि बऱ्याचदा खराब झालेली असते ती डिस्क.